जीन साबोलचं एकुलतं एक कार्ड

बर्नाडीन हुडाकचा बेसबॉलवर जीव आहे, असं तिला ओळखणारं कुणी म्हटलं नसतं. तिचा बेसबॉलवर राग होता. क्लीव्हलँडच्या संघाने तिला जेवढं छळलं तेवढं नवऱ्यानेही छळलं नव्हतं, आणि नवरा काही साधा माणूस नव्हता. उन्हाळ्यामागून उन्हाळे संघ हरायचा आणि ही बाई तिकीट काढून जायची, घसा बसेपर्यंत शिव्या घालायची आणि घरी येऊन कोमट पाण्याच्या गुळण्या करायची.

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर तिने पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे माहिती छापलेली बेसबॉलची कार्डं जमवायला घेतली. मोठ्या खेळाडूंची नाहीत, ती काय कुणीही जमवतं. हिला हवे होते आले नि गेले असे. कुणी अख्खा मोसम बाकावर बसून काढलेला, कुणी हातातला झेल सोडून कायमचा घरी गेलेला, कुणी पुढे दातांचा डॉक्टर झालेला. एकाला तर म्हणे लग्नाच्या दिवशीच संघातून काढल्याची तार आली होती. या सगळ्यांचा उद्धार बर्नाडीनने स्वतः केला होता.

"ज्यांच्यावर घसा फोडला त्यांची निदान आठवण तरी ठेवायला नको?" असं ती विचारणाऱ्याला सुनावायची. हे ती प्रेमाने म्हणते की खुनशीपणाने, हे तिच्या बहिणीलासुद्धा कळलेलं नव्हतं.

तिच्या जाडजूड अल्बमात सत्तरच्या दशकातले सगळे नग जमले होते. एकच कप्पा रिकामा होता, जीन साबोलचा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. एका मॅचपुरता आला आणि गेला. कार्ड महाग नव्हतं, साबोल हवा होता कुणाला? पण ते कुठे मिळतच नव्हतं. ज्या दुकानात जावं तिथे एकच उत्तर. होतं की, मागच्या महिन्यात एक म्हातारा घेऊन गेला. टोपी डोळ्यांवर ओढलेला, पैसे टाकतो, बोलत नाही. बर्नाडीनने त्या म्हाताऱ्याला न बघताच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

मग ईस्टरच्या आधीच्या एका शुक्रवारी नॉर्बचा फोन आला. हा नॉर्ब क्लीव्हलँडजवळच्या पार्मातल्या चर्चच्या हॉलमध्ये, तळलेल्या माशांच्या जेवणाची रांग असायची तिथेच शेजारी टेबल टाकून जुनी कार्डं विकायचा.

"बर्नी, तुझं भूत सापडलं. कुणाच्या तरी माळ्यावरच्या खोक्यात होतं. ये लवकर."

ती अल्बम काखोटीला मारून गेली. बघते तर टेबलाशी टोपी डोळ्यांवर ओढलेला एक उंच म्हातारा उभा, एका हातात बियरचा ग्लास, दुसरा हात पाकिटात.

"दुप्पट देतो," तो म्हणत होता.

"अहो, ते सांगून ठेवलंय एकांनी," नॉर्ब कसनुसा हसला.

"कुणी?"

"मी," असं म्हणून बर्नाडीनने त्याच्या कोपराखालून हात घातला आणि कार्ड उचललं. ठरलेली नोट नॉर्बपुढे आपटली.

"बाई, ते मला हवंय."

"मला पण हवं होतं. आजवर सगळी गिळलीत ती तुम्हीच ना? या कार्डावर काय तुमचं नाव लिहिलंय?"

म्हाताऱ्याने टोपी आणखी खाली ओढली. बर्नाडीनला वाटलं, जिरली. तिने रांगेतून मासा आणि लोण्यात परतलेली कोबी घेतली आणि भिंतीकडच्या लांब टेबलावर जाऊन बसली. म्हातारा मागोमाग आला आणि काही न विचारता समोरची खुर्ची ओढून बसला. ती उठली नाही. आपण का उठायचं?

तिने कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून काढून दिव्याकडे धरलं. सोनेरी केसांचा देखणा पोरगा, दात दाखवत हसणारा. डाव्या हातात ग्लव्ह. तिने उलटून बघितलं. पाठीवर करड्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत: युजीन साबोल, जन्म लोरेन, ओहायो, डावखुरा. तिने पुन्हा उलटलं. ग्लव्ह डाव्या हातात, म्हणजे पोरगा उजव्याने टाकणारा. आणि ते हसू तर तिने कधी बघितलेलंच नव्हतं.

"हा साबोल नाही," ती तोंडातल्या घासासकट म्हणाली.

म्हाताऱ्याचा ग्लास ओठांपाशी थांबला. "काय म्हणालात?"

"ऐकू कमी येतं का? हा साबोल नाही. साबोलचे कान हे एवढाले. मी बघितलाय त्याला. तिसऱ्या बेसच्या मागे बसले होते मी, स्टेडियम अर्धं रिकामं होतं. बरोबरी झालेली, शेवटचा डाव, आणि या ठोंब्याला आणलं. चार फलंदाज आले, चौघांना वाकडे चेंडू टाकून फुकटात बेस दिले, चौथ्यासाठी पहिल्याला पुढे सरकावं लागलं नि त्यांचा रन झाला. रन पळत नाही आला हो, चालत आला, शेजारी साखर मागायला यावं तसा! आणि दर चेंडूआधी हा आभाळाकडे बघायचा. शेवटी मीच ओरडले, वर काय बघतोस, फलंदाज खाली आहे!"

म्हाताऱ्याने ग्लास खाली ठेवला. टोपी काढली. कान खरंच एवढाले होते.

"ते तुम्ही होतात होय," तो म्हणाला. "ऐकू आलं होतं मला. अजून येतं."

दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. बर्नाडीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो जुना राग जसाच्या तसा वर आला, फक्त आता तो डागायला माणूस समोर होता.

"तू? मेल्या, तू घालवलीस ती मॅच! तीन आठवडे जिंकत होतो आपण!"

"ओरडू नकोस. कार्ड दे."

"का देऊ?"

"माझं आहे म्हणून. विचारलंस ना मघाशी, नाव लिहिलंय का? लिहिलंय. आणि तोंड त्या डेल प्रंटीचं आहे." नाव उच्चारताना त्याचा ओठ वाकडा झाला. "सरावाच्या शिबिरात माझ्या खोलीत असायचा. फोटोवाला आला तेव्हा गंमत म्हणून माझ्या जागी उभा राहिला. मला तेव्हा हसू आलं, मी पण काही बोललो नाही. प्रंटी मोठ्या संघात कधी आलाच नाही. पण कार्डावर आला. मी आलो, तर माझा चेहरा कुठेच नाही."

"म्हणून विकत घेऊन फाडतोस?"

"जाळतो."

"वेडा आहेस."

"आईने आपल्या बेकरीच्या काउंटरवर लावलं होतं. गिऱ्हाइकं विचारायची, हा देखणा मुलगा कोण? दोन दिवसांनी तिने काढून ठेवलं. मला एका शब्दाने बोलली नाही." त्याने नाक पुसलं. "तू ते दे. हे बहुतेक शेवटचं."

बर्नाडीनला आईचं ऐकून वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला. तिने अल्बम उघडून त्याच्यासमोर सरकवला. "हे बघ. हा, हा आणि हा दात उपटणारा. सगळ्यांनी माझं वाटोळं केलंय आणि सगळे जागच्या जागी आहेत. तुझीच जागा रिकामी. तुझ्या लाजेपायी मी ती रिकामी ठेवू?"

"हरलेल्यांची थडगी जमवतेस तू. दुसरं काम नाही?"

"नाही. तू होतास त्या दिवशी मैदानात. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तू इथेच बसणार."

"त्या हरामखोराचं तोंड लावून? मी मेल्यावरसुद्धा?"

"लावून तर लावून."

त्याचा डावा हात झपकन आला. कार्ड तिच्या बोटांतून सुटलं आणि त्याने ते सरळ बियरच्या ग्लासात कोंबलं, वर अंगठा दाबून धरला. "घे तुझा साबोल."

बर्नाडीनने काटा उचलला आणि त्याच्या मनगटावर टोचला. तो कळवळला, ग्लास कलंडला, बियर टेबलावरून तिच्या कोबीत गेली. सगळा हॉल वळून बघायला लागला. "बर्नी, चर्च आहे!" नॉर्ब लांबून ओरडला.

"गप रे!" तिने कार्ड उचललं. कोपरे फुगले होते. चित्राचा वरचा कागद एका टोकाला सुटून उचलला गेला होता. झालं. कामातून गेलं. इतकी वर्षं शोधलेलं कार्ड या गाढवाने एका घटकेत नासवलं, आणि बर्नाडीनला रडू येईल असं वाटलं, जे तिला मुळीच परवडणारं नव्हतं.

मग ती त्या सुटलेल्या टोकाकडे बघत राहिली. तिने तिथे नख घातलं. शाळेत उभा जन्म उकडलेले बटाटे सोलले होते, तशी ती हलक्या हाताने ओढत गेली. सोनेरी केस निघाले, दात निघाले, ग्लव्ह निघाला. डेल प्रंटी अख्खाच्या अख्खा सोलून आला. तिने त्याची गोळी केली आणि माशाच्या काट्यांत टाकून दिली.

साबोल मनगट चोळायचं विसरला. "हे काय केलंस?"

"पाठीवर काही खोटं नाही." तिने उरलेला करडा पुठ्ठा त्याच्यासमोर धरला. "नाव तुझं, गाव तुझं, हात तुझा. पुढून कोरं तर कोरं. तोंड मला माहीत आहे, पुष्कळ शिव्या घातल्यात मी त्याला."

ती कार्ड कप्प्यात सारायला गेली.

"थांब," तो म्हणाला. "ओलं घालू नकोस, बुरशी धरेल."

त्याने कागदी रुमाल घेतले, एक खाली, एक वर, आणि तळहाताने दाबून धरलं. डाव्याच हाताने. ती बियरमधली कोबी बाजूला सारून मासा खात राहिली. दोनदा त्याने रुमाल बदलले. मग कार्ड उचललं, नाव वर येईल असं धरलं आणि अल्बम स्वतःकडे ओढला. पण हात पुढे जाईना. त्याने मान वर केली आणि हॉलच्या छताकडे बघत बसला. डोळे भरले होते, आणि एवढ्या माणसांत ते खाली सांडू द्यायचे नव्हते.

"वर काय बघतोस?" बर्नाडीन खेकसली. "कप्पा खाली आहे."

त्याने मान खाली घातली आणि कार्ड कप्प्यात सरकवलं.