घरच्यांवर न ओरडणारा डबा

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जागतेबाबा खुर्चीत बसले होते. समोर एक रिकामी होडी डुलत होती आणि तिच्या टोकाला लाल कापडात शिवलेला पत्र्याचा डबा बांधला होता. त्यांच्या शिष्याने गर्दीतल्या एका गलेलठ्ठ मासळीवाल्याला पुढे ढकललं.

"चोराचं मन करून चढा!"

मासळीवाला लाजत लाजत चढला आणि डब्याने अशी किंकाळी फोडली, की तो धपकन खाली बसला. बायकांनी हात जोडले. पुरुषांनी टोप्या काढल्या. शिष्य झोळीत हात घालून काहीतरी पुटपुटला, डबा 'टुक' करून शांत झाला.

"आम्ही झोपत नाही!" बाबा गरजले. "पस्तीस वर्षं पापणीला पापणी लागलेली नाही. आमची जाग आम्ही या डब्यात भरून देतो. पण याद राखा, डबा उघडाल तर डोळे जातील!"

रोज दुपारी दोन ते चार बाबा 'अंतर्मुख' होत. त्यांचं अंतर्मुख होणं माझ्या दुकानापर्यंत घोरत ऐकू यायचं.

माझं दुकान धक्क्यालाच लागून आहे. दोरखंड, रंग, पंप, होडीला लागेल ते सगळं. डब्याची किंकाळी ऐकून मीही दचकले, पण निराळ्या कारणाने. तो आवाज माझ्या फळीवरचा होता. होडीवर परकं पाऊल पडलं की बोंबलणारे चोरभोंगे मी दोन वर्षांपूर्वी आणले होते. याच लोकांनी ते हातात घेऊन, उलटेपालटे करून परत ठेवले होते. "यंत्राचा काय भरवसा, ताई?" महिन्यापूर्वी शिष्याने एकदम बावीस नेले. आश्रमाच्या गोदामाला हवेत म्हणाला.

मला सगळं कळलं आणि मी गप्प बसले. चोरी थांबतेय ना, मग कापडात गुंडाळून का होईना, अशी मनाची समजूत घातली. तो भित्रेपणा होता. आज त्याची मला बाबांइतकीच किळस येते.

बावीस होड्यांना डबे लागले. मग रोजचा तमाशा सुरू झाला. सकाळी मालकाने शिष्यापुढे वाकायचं, शिष्याने झोळीत हात घालून पुटपुटायचं, डब्याने 'टुक' करायचं, मग होडी सोडायची. ज्यांनी बापापुढे कधी मान वाकवली नाही, ते नावाडी स्वतःच्याच होडीत चढायला परवानगी मागू लागले. दुपारी चारनंतरच्या प्रवचनाआधी आणि संध्याकाळी शिष्य पुन्हा 'टुक' करून डबे 'जागे' करायचा.

आणि एका दुपारी, सगळा धक्का प्रवचनाला बसलेला असताना, मावशीची होडी गेली.

मावशी म्हणजे उतारू पलीकडे सोडणारी आमची नाववाली. नवरा गेल्यापासून ती होडी हाच तिचा संसार. होडी गेली आणि डबा ओरडला नाही! लोक बाबांकडे धावले. बाबांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "डबा घरच्या रक्तावर ओरडत नाही."

घरचं रक्त एकच होतं. मावशीचा धाकटा भाऊ, होड्या दुरुस्त करणारा सुतार. त्या दुपारी तो कामाच्या घाईत प्रवचनाला गेला नव्हता. आदल्या आठवड्यात "ही होडी जुनी झाली, विकून टाक" असं म्हणाला होता. झालं. पुरावा म्हणून लोकांना तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी, प्रवचनाच्याच वेळी, धक्क्यावर त्याचा निवाडा करायला लोक जमले. कोणीतरी त्याचा रंधा पाण्यात भिरकावला. "आजच्या आज धक्का सोड!" माणसं ओरडत होती. त्यातल्या निम्म्यांच्या होड्या त्याने उधारीवर नीट केल्या होत्या.

"अक्का, तू तरी बोल," सुतार म्हणाला.

मावशीने त्याच्याकडे बघितलं आणि ती थुंकली. "डबा खोटं बोलत नाही. माझी होडी दे आणि तोंड काळं कर."

मी दुकानात गेले, फळीवरून एक खोकं काढलं आणि गर्दीत घुसले.

"बाबा, हा डबा मी उघडते. डोळे गेले तर माझे जातील."

"ताई, नको!" चार जण ओरडले. मी खोकं फोडलं. आत पत्र्याचा डबा, तस्साच, फक्त कापड नव्हतं. झाकण काढून भोंगा दाखवला, सेल दाखवले, पाऊल पडलं की हलणारी कळ दाखवली. मग खोक्याच्या तळातून दोन रिमोट काढले, किल्लीच्या गोंड्याएवढे.

"एक दाबलं की डबा जागा," मी म्हणाले. 'टुक.' मी डबा हलवला. किंकाळी. "पुन्हा दाबलं की झोपला." 'टुक.' मी डबा गदागदा हलवला. शांत. "आता हा घरच्यांवर ओरडत नाही आणि चोरावरही ओरडत नाही. प्रत्येक खोक्यात दोन रिमोट असतात. बावीस खोक्यांचे चव्वेचाळीस. तुमच्यापैकी कोणाकडे एक तरी आहे?"



"यंत्र हे निमित्त असतं, बाळ," बाबा गोड आवाजात म्हणाले. "शक्ती आमची."

"मग शिष्याची झोळी उलटी करा. शक्ती सांडायची नाही."

शिष्य पळाला. धक्क्यावर माणसांची भिंत, म्हणून त्याने जवळच्या होडीत उडी मारली आणि त्या होडीने जिवाच्या आकांताने बोंब ठोकली. त्याने झोळीतून मूठभर रिमोट काढले आणि दिसेल ते दाबत सुटला. या टोकाची होडी 'टुक', त्या टोकाची 'टुक', पायाखालची मात्र बोंबलतच होती. शेवटी मासळीवाल्याने त्याला मानगूट धरून वर ओढलं. रिमोट फळ्यांवर विखुरले. प्रत्येकावर कागदाची पट्टी, पट्टीवर होडीचा क्रमांक. मावशीच्या होडीचाही होता.

"काल प्रवचनाला शिष्य होता का रे?" कोणीतरी विचारलं. नव्हता, हे सगळ्यांनाच आठवलं. संध्याकाळी पोलिसांनी आश्रमाच्या छपरीतून होडी काढली. अर्धी हिरवी रंगवून झाली होती. बाबांना नेताना ते जांभया देत होते.

आणि मग जे झालं त्याने मला सर्वांत जास्त शिसारी आली. तोच मासळीवाला आपल्या होडीचा डबा घेऊन हळूच माझ्याकडे आला. "ताई, रिमोट द्या. पण कापड तेवढं राहू द्या. कापडाशिवाय भरवसा वाटत नाही."

मी ते कापड त्याच्यासमोर टराटरा फाडलं.

दुसऱ्या दिवशी मावशी भावाच्या दारात गेली. मीही बरोबर होते. तो हत्यारं पिशवीत भरत होता.

"राहू दे रे आता," ती रडत म्हणाली. "डब्याने माझी मती फिरवली. डब्यानेच तुझ्यावर आळ घेतला."

त्याने मान वर केली. "डबा गप्प होता, अक्का. बोललीस तू."

तो गेला. खालच्या बंदरावर काम करतो म्हणतात. मावशीची होडी परत आली, पण अजून अर्धी हिरवीच आहे. रंगवायला ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

म्हणून लोकहो, भोंगा जरूर बसवा. सेल महिन्याला बदला, रिमोट स्वतःच्या खिशात ठेवा. आणि उघडायचा नाही असा डबा कोणी हातात दिला, तर आधी तो उघडा. भावाला हाकलायची वेळ येईपर्यंत थांबू नका.