साहेबांना उपाशी न्यायचं होतं

बस शहराबाहेर पडली तशी ताईनं मांडीवरच्या थर्माकोलच्या खोक्याचं झाकण जरासं उचललं. आत हवा भरून फुगवलेली पिशवी, पिशवीत साहेब. साहेब म्हणजे तिचा नारिंगी गोल्डफिश. चहा गार मिळाल्यासारखे गाल फुगवून फिरायचा, म्हणून साहेब. नवी नोकरी, नवं गाव, तिथं ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. निदान साहेब तरी सोबत.

पण त्याच्या शेपटीमागं एक काळपट दोरा लोंबत होता. ताजी घाण. तिनं लगेच बाबांना फोन लावला.

"साहेबांना खायला कोणी घातलं?"

बाबांनी घसा खाकरला. "सकाळी. चिमूटभरच गं."

"बाबा."

"बरं, दोन चिमटी. वाटेला लागलेल्याला उपाशी कसं काढायचं घरातून? तोंड उघडून माझ्याकडंच बघत होता."

"त्याचं तोंड कायमच उघडं असतं." तिनं फोन कापला. डोक्यात नुसता जाळ.

सकाळी पिशवी भरताना माशांच्या टँकच्या दुकानातल्या काकांनी विचारलं होतं, "कालपासून दाणा बंद आहे ना?" ती तोऱ्यात म्हणाली होती, "हो म्हणजे हो."

काका बोलके. "माशानं खाल्लेलं यकृतात जातं. तिथले एन्झाइम कात्र्या घेऊन बसलेलेच असतात. नको असलेला नायट्रोजन कापून टाकतात, त्याचा होतो अमोनिया. आपलं शरीर त्याचा युरिया करतं आणि लघवीतून काढतं. याला तेवढी उठाठेव कशाला? हा कल्ल्यांतून पाण्यात सोडून मोकळा. तलावात चालतं. पिशवीत ते विष जाणार कुठं? याच्याच नाकातोंडात. आणि वाटेत कितीही जीव वरखाली झाला तरी पिशवी उघडायची नाही. याच्या श्वासानं पाणी थोडं आंबट होतं, त्यानं अमोनिया दबून राहतो. बाहेरची हवा लागली की डोकं वर काढतो. आणि गार, अंधारात ठेव, न हलवता; मग कात्र्याही हळू चालतात."

साहेब आता तळाशी टेकले होते. कल्ले भराभर हलत होते.

"गुदमरतोय गं," शेजारच्या मावशी वाकून म्हणाल्या. "उघड जरा, वारा लागू दे."

ताईची बोटं पिशवीच्या तोंडाच्या रबरापर्यंत गेलीच होती. तिनं ती मुठीत दाबून धरली.

"मावशी, जागा बदलता? इकडं ऊन येतंय."

"आणि मला लागलेलं चालतं होय?"

"तुम्ही पिशवीत नाही ना."

मावशी पुटपुटत उठल्या. ताईनं झाकण लावलं, वर ओढणी टाकली आणि दोन्ही हातांनी खोकं धरून बसली. लहानपणी शाळेत तास संपेपर्यंत कधी बूड टेकलं नाही तिनं, पण आज हलायचं नाही म्हणजे नाही.

रस्ता लांबच लांब. बस झुलत होती. पापण्या जड झाल्या आणि ती अलगद साहेबांच्या आत उतरली. तपकिरी, ओलसर, मंद उजेडाची एक खोली. ओळीनं बसलेली इवली इवली माणसं खाली मान घालून कातरत होती. समोर बाबांच्या दोन चिमटींचा डोंगर. "थांबा की," ती ओरडली, तसे पलीकडचे कल्ल्यांचे लाल पडदे फडफडायला लागले. मग ती ओरडायची थांबली. भिंतीला टेकून नुसती बसली. उजेड विझत गेला, खोली गार होत गेली. कात्र्या पेंगुळल्या. एक थबकली, मग दुसरी. लाल पडदे पाण्यातल्या शेवाळासारखे डुलत राहिले, आणि तीही डुलत राहिली.

"उतरायचं नाही का?" मावशींनी हलवलं.

नव्या खोलीतल्या, फोनवरच ओळख झालेल्या मुलीनं नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून कालच बादली भरून ठेवली होती. ताईनं रबर काढलं, साहेबांना ओंजळीत उचलून बादलीत सोडलं आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतून दिलं. साहेब एका कुशीवर कलंडले.

"गेला का?" त्या मुलीनं विचारलं.

"गप."

दोघी बादलीवर वाकून बसल्या. भिंतीवरचं ऊन सरकत दारापर्यंत आलं. एक कल्ला उचलला गेला. बऱ्याच वेळानं दुसरा. मग साहेब सरळ झाले आणि गाल फुगवून दोघींकडं पाठ फिरवली.

तिनं फोन लावला. बाबांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"आहे," ती म्हणाली. "पोहतोय."

पलीकडून लांब श्वास सुटल्याचा आवाज आला. मग बाबा हळूच म्हणाले, "मग आता थोडंसं द्यायला हरकत नाही ना?"

"परवा, बाबा."

"परवा कशाला? उद्या सकाळी."

ती फरशीवर आडवी झाली, बादलीला पाठ लावून. "बरं. उद्या. एकच चिमूट."

"तुझी चिमूट का माझी?" बाबांनी विचारलं.