बिनसाखरेचा पेला

आमच्या घरात सोड्याला, म्हणजे बाटलीतल्या त्या गोड, फसफसणाऱ्या पेयाला, नाही म्हणणारं माणूस अजून जन्मायचं होतं. पाहुणा आला, काढा बाटली. भांडण मिटलं, काढा बाटली. माझ्या भावासाठी, रोमिनसाठी, कातलला मागणी घालायला गेलो तेव्हा तिच्या बापाच्या दारात आम्ही सोड्याचे क्रेटच उतरवले होते. दारूनं घरं बुडतात म्हणून आमच्या डोंगरातल्या किती घरांनी दारूच्या जागी सोडा आणला. आता साखरेनं बुडतात. कातलची आई तशीच गेली. आधी पाय कापला, मग डोळे गेले, मग ती. पुढे कातललाही साखर निघाली, वजन तर उतरायचं नावच घेईना, तेव्हा तिनं पोट लहान करायच्या ऑपरेशनचं मनावर घेतलं.

"वन्सं, मला आईसारखं तुकड्यातुकड्यानं जायचं नाही," ती मला म्हणाली. "कापायचं ते एकदाच कापू देत."

खाली शहरात, तुश्त्लाच्या इस्पितळात तिचं पोट कापून उरलेल्याची केळ्याएवढी नळी केली. मी बाजारात लोकरीच्या शाली विकते, मला स्पॅनिश येतं, म्हणून डॉक्टरांचं बोलणं घरच्यांना समजावायचं काम माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले, साखर बंद, आणि फसफसणारं काहीही प्यायचं नाही. आतली शिवण ओली आहे, पोटात गॅस दाटला तर धोका आहे. मी शब्दन् शब्द घरी सांगितला. माझ्या आईनं आणि रोमिननं त्यातली साखर तेवढी उचलली.

घरी आल्यावर कातल मिटत गेली. मक्याचं पातळ पाणी चमच्यानं घ्यायची, भिंतीला टेकून बसायची आणि रडायची. काही दिवस असं होईल, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईला ते पटेना.

"भूल दिली होती ना तिला?" आई म्हणाली. "भूल दिली की जीव अंगातून निसटतो. तो तिथंच पडलाय, त्या टेबलाखाली. तुम्ही नुसतं शरीर घेऊन आलात."

आईची सुनेवर माया नव्हती असं कुणी म्हणू नये. ती रोज कातलची वेणी घालायची. माझी कधी घातली नाही, हे मी तिला बोलूनही दाखवलंय.

देवऋषी आन्तेलबाबा आले. त्यांनी कातलच्या मनगटाची नाडी धरली आणि म्हणाले, जीव इथं नाही, बोलवावा लागेल. मग सकाळी जमिनीवर पाइनच्या हिरव्या सुया अंथरल्या, मेणबत्त्या लागल्या, कोंबडी आली. आणि सोडा आला. विधीला बसलेल्या प्रत्येकानं तो प्यायचा असतो. ज्याला झेपत नाही त्यानं पेला ओठाला लावून जवळच्या रिकाम्या बाटलीत ओतला तरी चालतं, देणाऱ्याचा मान राहतो. आजारी माणसाला मात्र ही सवलत नाही. त्यानं स्वतः प्यायचं आणि ढेकर द्यायचा. ढेकराबरोबर आत शिरलेलं वाईट बाहेर पडतं आणि जिवाला परतायला जागा होते.

"हे तिला चालणार नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनी बजावलंय."

"साखर चालणार नाही म्हणालेत," रोमिन म्हणाला. त्यानं पिशवीतून काळी बाटली काढली. "हा बिनसाखरेचा आहे. गावात चार दुकानं फिरलो. देवालाही चालेल, डॉक्टरलाही."

तो इतका खूश होता की त्याच्या कानफटात द्यावीशी वाटली मला.

"गॅस, रोमिन. गॅस नको म्हणालेत."

"अगं, वारा बाहेर काढायलाच तर बसलोय," आई म्हणाली. "बाजारात बसून फार शहाणी झालीस तू."

मी कातलकडे वळले. "तू बोल. तू नको म्हणालीस तर कोण जबरदस्ती करतंय बघते मी."

कातलनं माझ्याकडे बघितलं. "वन्सं, मला खरंच रिकामं वाटतं. आई म्हणतात ते खरं असलं तर?"

मी बाजूला सरकले.

आन्तेलबाबांनी तीन पेले सांगितले आणि तिच्या नावानं हाका घालायला लागले. कातल पहिला पेला घोट घोट प्यायली. अर्ध्यावरच तिनं पोटावर हात दाबून धरला, कपाळ घामानं भिजलं. तरी पेला संपवला. आणि मग ढेकर आला, लांबलचक. रोमिन हसला. आईनं शालीच्या टोकानं डोळे पुसले. रोमिन दुसरा पेला भरायला लागला तेव्हा आईनंच त्याचा हात धरला.

"पुरे," ती म्हणाली. "पोरीला त्रास होतोय. आला ना ढेकर."

दुपारी कातलला ताप भरला. दुखणं पोटातून खांद्यापर्यंत चढलं. रोमिननं गाडी काढली, आई त्याच्याशेजारी बसली, मी मागे कातलचं डोकं मांडीवर घेऊन. घाट उतरताना ती माझ्या कानाशी कुजबुजली, "वन्सं, कशानं झालं ते आईंना कळू देऊ नका."

"तू मरायला टेकलीस आणि तुला तिची पडलीय?"

"त्यांनी मायेनं केलं. शपथ घ्या."

मी घेतली. तिला बरं वाटावं म्हणून घेतली. तिला आपण वेळेवर पोचवतोय असं तेव्हा मला वाटत होतं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. शिवण सुटली होती, विष पोटभर पसरलं होतं. कातल टेबलावरच गेली.

"काही प्यायली होती?" त्यांनी विचारलं.

"सोडा. बिनसाखरेचा."

त्यांनी डोळे मिटले. "त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. शिवण कधी आपोआपही गळते. पण मी नको म्हटलं होतं."

आईनं माझा हात ओढला. "काय म्हणतोय तो?"

सगळं ओठावर आलं होतं. तिला गदागदा हलवून सांगावं, असा संताप झाला होता.

"म्हणतात, तिच्यात ताकदच उरली नव्हती," मी म्हटलं. "कशानंच वाचली नसती."

आईनं मान हलवली. म्हणाली, "वाचली असती. तीन पेले सांगितले होते. मीच एकावर थांबवलं. माझी माया आडवी आली गं, जीव अर्ध्या वाटेवरून परत गेला."

"मी भरत होतो दुसरा," रोमिन म्हणाला.

डॉक्टरांनी मला हळूच विचारलं, त्या काय म्हणतायत?

"काही नाही," मी सांगितलं. "रडतायत."