आधी बटण, मग बोहनी

"मॅडम, तुमचा काटा खोटारडा आहे," श्यामसुंदरशेठ म्हणाले. तेही सकाळी सहाला, मार्केट यार्डातल्या त्यांच्या बटाट्याच्या गाळ्यावर, चहासुद्धा न विचारता.

सत्त्याण्णवचा डिसेंबर. त्या ओळीतल्या बारा गाळ्यांवर इलेक्ट्रॉनिक काटे मीच बसवले होते, धायरीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या वर्कशॉपमध्ये जोडून. थंडी पडली आणि सगळीकडून एकच ओरड. सकाळी पन्नास किलो भरलेली गोणी तासाभराने परत चढवली, की तीनशे ग्रॅम कमी. आज निकाल लागला नाही तर बाराही काटे परत, आणि माझं, नाजिमा शेखचं, शटर कायमचं खाली. मी आधी दोनदा तपासून गेले होते, पण दोन्ही वेळा अकराच्या उन्हात. तेव्हा काटा अगदी शहाण्यासारखा वागला. म्हणून आज लूनावरून कुडकुडत आले.

"रोज करता तसंच करा. मी नुसती बघते."

शेठनी दिवा लावला, उदबत्ती ओवाळली, काट्याला हळदकुंकू वाहिलं. वीसेक मिनिटं गेली. मग बटण दाबलं आणि तोलणार संभाजीने लगेच बोहनीची गोणी चढवली. बोहनीला थांबायचं नसतं.

माझं डोकंच फिरलं, स्वतःवर. गारठलेला काटा चालू केला, की आतून गरम होईपर्यंत त्याचं शून्य सरकत राहतं. एवढं साधं मी यांना सांगितलंच नव्हतं.

"गोणी उतरवा, आणि रिकामा काटा बघत बसा."

"आम्ही काय रिकामटेकडे आहोत?" शेठ म्हणाले, पण बसले.

वीस मिनिटांनी रिकाम्या काट्यावर आकडा आला: उणे तीनशे ग्रॅम. शेठनी चष्मा पुसून परत पाहिला. मी शून्याचं बटण दाबलं. गोणी चढली, पन्नास. आठला तीच गोणी, पन्नास. नऊला, पन्नास. महिनाभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्लेला संभाजी खाली बसून हसायला लागला. मला तर आनंदाने रडूच येत होतं, पण शेठसमोर कोण रडणार?

"पूजेआधी बटण दाबा," मी म्हटलं. "पूजा होईतो काटा गरम. मग शून्य, मग बोहनी."

"म्हणजे देवाआधी यंत्र?"

"देवाला घाई नसते, शेठ. तुम्हाला असते."

शेठ उठले आणि शेजारच्या गाळ्याकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी सहाला मी मुद्दाम गेले. बाराही गाळ्यांत आधी काट्यांचे लाल आकडे लागले, मग देवापुढचे दिवे. शेठनी माझ्यासाठी चहा मागवला आणि संभाजीला म्हणाले, "मॅडमना खुर्ची दे. काटा गरम होतोय तोवर बसतील."