एक बूट पायात, एक हातात

सरांनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घातला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यानंतर यावर विश्वास ठेवणारी माणसं घरातली तेवढीच उरली, आणि घरातल्यांचाही काही भरवसा नव्हता.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवत. त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यावरून लोक त्यांची टिंगल करत. पहिल्या दिवशी किल्ली लावायची नाही. शिकणाऱ्याने बंद गाडीत नुसतं बसायचं, दोन्ही हात चाकावर ठेवायचे, पायाने ब्रेक चाचपायचा आणि समोर बघायचं. "गाडी चालवणारे ढिगाने आहेत," सर म्हणत, "थांबवणारा दाखवा." शिकणारे जांभया देत, घड्याळाकडे बघत, पण सर बधत नसत. मात्र नाव होतं त्यांचं. सरांच्या हाताखाली शिकलाय म्हटलं की लोक आपली नवीकोरी गाडीसुद्धा निर्धास्त हातात देत.

त्यांचा एकुलता एक मुलगा आणि त्यांचा मेहुणा मिळून हिप-हॉप करत. मेहुणा हा बायकोचा शेंडेफळ भाऊ. भाच्याहून वयाने धाकटा आणि लहानपणापासून बहिणीकडेच वाढलेला. तरी आईच्या धाकाने मुलगा त्याला मामाच म्हणे. जोडीचं नावही त्यांनी 'मामा-भाचे' असंच ठेवलं होतं, आणि त्यातला मामा कोणता हे ओळखण्यात प्रेक्षक हमखास चुकत.

स्टुडिओ अल्बम करायचं ठरलं तेव्हा अडचण एकच होती, स्टुडिओ नव्हता. मग मामाने शोध लावला की गॅरेजात उभ्या असलेल्या शिकवणीच्या गाडीत काचा वर करून बसलं की आवाज अगदी घट्ट येतो. सरांनी हौसेने माळ्यावरच्या रजया काढून दिल्या, स्वतः गाडीवर अंथरल्या. दोघे आत घामाघूम होऊन तावातावाने काहीबाही बोलत, आणि सर गल्लीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हॉर्न न वाजवण्याची विनंती करत.

"काय म्हणताय ते ऐकवा तरी," ते म्हणत.

"निघाल्यावर ऐका, बाबा," मुलगा नजर चुकवत म्हणे.

अल्बम निघाला. नाव होतं 'काचा वर'. सर आणि त्यांची बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ऐकायला बसले, मामा-भाचे दाराशी उभे राहिले. पहिली तीन गाणी सरांना कळली नाहीत, तरी त्यांनी मान डोलावली. चौथं गाणं होतं 'बाप', आणि ते दुर्दैवाने शब्द न् शब्द कळलं.

*बाप माझा घरी यायचा भिंतीचा आधार घेत,*
*एक बूट पायात आणि दुसरा हातात नेत.*
*बाटली त्याची भरलेली, ताट आमचं रिकामं,*
*त्याच्या हाती संसाराचं चाक झालं निकामं.*

"ताट रिकामं?" आईचा आवाज चढला. "अरे, हातात वाटी घेऊन तुझ्यामागे सगळं घर धावले मी! डॉक्टर म्हणाले होते याचं खाणं कमी करा!"

सरांनी फक्त गाणं पुन्हा लावायला सांगितलं, जणू दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यात दुसरा कुणी बाप निघेल.

"पण भाऊजी, सगळं खरंच आहे," मामा काकुळतीला येऊन म्हणाला. "मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही भिंत धरून आला होतात की नाही? बूट हातात होता की नाही? ताई रडत होती की नाही?"

सर आठवू लागले आणि त्यांना आठवलं. फार वर्षांपूर्वी एका शिकणाऱ्याने त्यांच्या पायावरून गाडी नेली होती. सुजलेला पाय बुटात मावेना, म्हणून बूट हातात घेऊन ते भिंत धरत धरत घरी आले होते. अंगाला स्पिरिटचा वास येत होता, कारण दवाखान्यात जखम धुतली होती. पायाचा अंगठा तेव्हा जो वाकडा झाला तो आजही तसाच होता. चिमुरडा मामा दाराआडून बघत होता, आणि कुणी त्याला काही समजावून सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं तो बिचारा आपल्या भाऊजींना सुधारलेला दारुड्या समजून मनोमन आदर देत आला होता.

"आणि तू रे?" सरांनी मुलाला विचारलं. "तुला तर माहीत होतं."

"मला वाटलं, मामाला माझ्यापेक्षा जास्त आठवतं," मुलगा म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "आणि बाबा, आपल्या घरात गाणं करण्यासारखं काही झालंच नाही हो कधी."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. वर्तमानपत्रात परीक्षण आलं. 'बाकी अल्बम बरा, मात्र चौथं गाणं काळीज चिरून जातं. वडिलांचं असं निर्दय खरं चित्र अनुभवाशिवाय येत नाही.' रिक्षांमध्ये, दुकानांमध्ये, व्यायामशाळेत, जिथे तिथे 'बाप' वाजू लागलं.

सर खोकल्याचं औषध आणायला गेले, तर औषधवाल्याने बाटली हळूच मागे घेतली. "यात अल्कोहोल असतं, सर. गोळ्या देतो." न्हाव्याने दाढीनंतर लावायचं लोशन वरच्या फळीवर ठेवून दिलं. डॉक्टरांनी सर्दीसाठी गेलेल्या सरांचं यकृत दाबून पाहिलं आणि ते ठणठणीत निघाल्यावर देवाची करणी म्हणून मान हलवली. सर जितकं "मी कधीच घेतली नाही" म्हणत, तितके लोक एकमेकांकडे बघत. पिणारे असंच म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बायकोचं मात्र वेगळंच झालं. आधी चार दिवस ती धुमसत होती. मग शेजारणी तिच्या पिशव्या उचलून देऊ लागल्या, रांगेत पुढे उभं करू लागल्या, "किती सोसलंत हो" म्हणू लागल्या. एकदा सरांनी तिला जिन्यात "काय सांगू, दिवस काढले झालं" असं म्हणताना स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"अहो, त्या एवढ्या प्रेमाने विचारतात, त्यांना नाराज कशाला करायचं?" ती म्हणाली.

पण शिकणारे गळू लागले, तेव्हा हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. संसाराचं चाक ज्याच्या हाती निकामं झालं, त्याच्याकडे आपल्या लेकीला चाक धरायला कोण पाठवणार? महिन्याभरात सरांकडे एकच विद्यार्थीण उरली, कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण. तिचा नवरा पावाची व्हॅन चालवायचा, आणि प्यायल्यावरही चालवायचा. म्हणून तिला स्वतःला शिकायचं होतं.

"तुम्ही नाही सोडलीत शिकवणी?" सरांनी विचारलं.

"प्यायलेल्या माणसाशेजारी बसायची सवय आहे मला," ती गिअर बदलत म्हणाली. "आणि तुम्ही तर सोडलीय. सर, कशी सोडलीत हो?"

"बाई, मी कधी घेतलीच नाही. हवं तर वास घ्या तोंडाचा."

ती इतक्या समजूतदारपणे हसली की सरांना रडू यायचं बाकी राहिलं. "आमचे हेही ते गाणं ऐकतात," ती म्हणाली. "रोज. ऐकून परवा रडले. म्हणाले, सरांना सुटली तर मलाही सुटेल. त्यांना तुम्हाला एकदा बघायचंय."

त्या दिवशी सर घरी आले ते ठरवूनच. मोठ्या सभागृहात मामा-भाच्यांचा कार्यक्रम होता, तिकिटं संपली होती. सरांनी दोघांना समोर उभं केलं.

"मला माइक पाहिजे. सगळ्यांसमोर सांगणार, की हे खोटं आहे."

मामाचा चेहरा उतरला. "भाऊजी, आमच्या हिप-हॉपमध्ये खरेपणावरच सगळं चालतं. आम्ही खोटे ठरलो तर संपलो."

"आणि मी खरा असून संपलो, त्याचं काय?" सरांचा आवाज फाटला. इतक्या वर्षांत मुलाने तो फाटलेला ऐकला नव्हता. "मी काय कमावलं रे आयुष्यात? नाव कमावलं. तेवढंच परत मागतोय."

मुलगा म्हणाला, "देतो, बाबा. 'बाप'च्या आधी देतो. ते गाणं त्यानंतर होणार नाही."

सभागृह खच्चून भरलं होतं. सर इस्त्रीचा सदरा घालून पडद्याआड उभे होते, मनात वाक्य घोकत. मुलाने नाव पुकारलं, माइक हातात दिला आणि खाली मान घालून बाजूला झाला.

"नमस्कार," सर म्हणाले. "गाण्यातला बाप मी."

अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं, आणि तेवढ्यात त्यांना पहिल्या रांगेत बेकरीवाली दिसली. शेजारी तिचा नवरा. केस ओले करून चापूनचोपून बसवलेले, दाढी करताना हनुवटी कापलेली. टाळ्या थांबल्या, सगळे बसले, पण त्या माणसाला बसायचं भान राहिलं नव्हतं. तो सरांकडे असा बघत होता, की त्यांच्या तोंडून पुढचा शब्द निघाल्याशिवाय त्याला श्वासच घेता येणार नव्हता.

"मला एवढंच सांगायचंय," सर म्हणाले, "की मी..."

घोकलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं.

"मी प्यायचो," सर म्हणाले.

मुलाने झटकन मान वर केली. मामाच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडून गडगडत गेली.

"खूप प्यायचो," सर म्हणाले. एकदा खोटं बोलायचंच तर हात कशाला आखडता घ्या? "पोरांनी कमीच सांगितलंय, लाज राखली माझी. पण सोडली. मला सुटली तर कुणालाही सुटेल. ज्याला सोडायचीय त्याने उद्या सकाळी माझ्याकडे यावं."

हे शेवटचं वाक्य आपण का बोललो ते त्यांनाही कळलं नाही, कारण दारू कशी सोडतात याची त्यांना काडीइतकी माहिती नव्हती. ते माइक देऊन खाली उतरले. मागून मुलगा 'बाप' म्हणू लागला, आणि मध्येच एका ओळीवर अडखळला. प्रेक्षकांना वाटलं, किती खरं गातो.

परतताना बायको म्हणाली, "अहो, इतकी वर्षं माझ्यापासून बाटल्या लपवल्यात तरी कुठे?" आणि तिने त्यांचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

सकाळी बेकरीवाला गॅरेजच्या दारात उभा होता. नापास विद्यार्थ्याला कधी वाटलं नसेल इतकं सरांना उघडं पडल्यासारखं वाटत होतं. शेवटी त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. मागच्या सीटवरच्या रजया सरकवल्या आणि गाडीचं दार उघडलं.

"बसा. हात चाकावर."

"थरथरतात, सर."

"थरथरू देत. चाक कुठे जात नाही."

"किल्ली?"

"पहिल्या दिवशी किल्ली नाही. आज नुसतं बसायचं. पायाने ब्रेक शोधा."

त्याने ब्रेक शोधला. दोघे बंद गाडीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. शिकणाऱ्यांपैकी या वेळी जांभई न देणारा तो पहिलाच.

"तुम्ही पहिला दिवस कसा काढलात, सर?"

"असाच. बसून."

बेकरीवाला मान न वळवता म्हणाला, "सर, खरं सांगा. काल मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना बोललात? ते गाण्यातलं सगळं खरं आहे?"

"शब्द न् शब्द."

"तो बूटसुद्धा?"

सरांनी वाकून बूट काढला, मोजा काढला, आणि पाय वर उचलून वाकडा अंगठा त्याच्यासमोर धरला.

बेकरीवाल्याने तो बराच वेळ नीट निरखून पाहिला. मग त्याने दोन्ही हात पुन्हा चाकावर ठेवले आणि समोर बघू लागला.