नवशाच्या उष्टावणाला शेंगदाणा

मानकोलीच्या बायजाबाईचा नातू नवशा सहा महिन्यांचा झाला आणि त्याच्या उष्टावणाला अख्खी भावकी ओट्यावर लोटली. पहिला घास मामाचा, म्हणून विशालमामा नवी टोपी घालून ताठ बसलेला. बायजाबाईनं खिरीशेजारी आणखी एक वाटी ठेवली. भाजलेले शेंगदाणे गंधासारखे वाटून सुनेच्या, मेघालीच्या, अंगावरच्या दुधात पातळ केलेले.

"आये, शेंगदाणा?" नवशाचा बाप सागर उडालाच. "आमच्या साहेबाच्या पोराचं तोंड भोपळ्यागत सुजलं त्यानं! म्हणून तर मी तो महागडा दुधाच्या पावडरचा डबा आणलाय. ॲलर्जी होऊच देत न्हाय तो."

"कोण बोलला? दुकानदार? त्याला डबे खपवायचे हायत, बाबा! मी डॉक्टरीणबाईला इचारून आलेय. मेघाली ड्युटीवर गेली की साधी पावडर पुरते. महाग डब्यानं ॲलर्जी टळत न्हाय. शेंगदाणा, अंडं आत्ताच थोडं थोडं चाटवलं तर टळायची आशा. अंगावर खाजरे चट्टे असते तर आधी तपासणी. पोर तर लोण्यागत हाय!"

बोलली खरी ठसक्यात. भावकीचे टोमणे ती उलटून मारील, पण पोराला काही झालं तर?

मामानं चमच्याच्या टोकावर जरासं घेऊन चाटवलं. नवशानं ओठ चाटले. सगळी भावकी त्याच्यावर वाकली.

"गाल लाल झाला गं!" हेमालीआत्या किंचाळली.

झालं! सागर एकाच चपलेत गाडीकडं पळाला, मामाची टोपी खिरीत पडली. मेघालीनं तेवढा ओल्या पदरानं गाल पुसला. लाली पदरावर आली.

"आत्या, तुमचं कुंकू हाय हे. मघाशी किती पाप्या घेतल्यात!"

ओटा हसून हसून आडवा झाला. पोराला ना पुरळ, ना उलटी. जरा वेळ थांबून, नीट बघून, बायजाबाईनं चमचा पुन्हा उचलला, तर परत आलेल्या सागरनंच तो तिच्या हातातून घेतला.

"दे, मी भरवतो."

"भरव की. पण आधी दुसरी चप्पल घाल, साहेब!"

नवशा मात्र कुणासाठी थांबला नाही. त्यानं हात थेट वाटीत बुडवला आणि बापाच्या मिशीला फासला.