हिंगुळातलं नाव

रंगावर रंग चोपडणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. दीपनगरच्या वीजकेंद्रात तीस वर्षं मी टाक्या आणि पाइप रंगवले, पण जुना पापुद्रा खरवडल्याशिवाय नवा हात कधी दिला नाही. आता निवृत्त झालोय, तर लोक जुन्या वस्तू घेऊन येतात. वरचे रंग काढायचे आणि मूळचा उघडा करायचा, हे माझं वेड.

पहूरच्या ताईबाई नात ऋतिकाला घेऊन आल्या, तेव्हा पिशवीतून शिपायाचा लोखंडी टोप निघाला. दुसऱ्या महायुद्धातला, पसरट काठाचा. आतबाहेर चॉकलेटी ऑइलपेंट, त्याखाली निळा, त्याखाली चंदेरी. मी कपाळाला हात लावला.

"कुणी केला हा पराक्रम?"

"काकाच्या घरच्यायनं," ताईबाई म्हणाल्या. "सरकीची ढेप भिजवत यात ढोरायसाठी. पोळा आला का उरलासुरला रंग फासत, गंजू नये म्हनून."

बाई ब्याऐंशीच्या. वडील उखर्डू लढाईवर गेले तेव्हा त्या आईच्या पोटात होत्या, आणि वडील परत आले नाहीत. घरात त्यांचा फोटो नव्हता. हा टोप दाखवून आई सांगायची, हा तुझ्या बापाचा, आत त्यानं स्वतःच्या हातानं नाव लिहिलंय. लहानग्या ताईनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं होतं, पण तिला वाचता येत नव्हतं. ती सहा वर्षांची असताना आई गेली, ती काकांकडे वाढली, आणि शाळेत अक्षरं शिकेपर्यंत नावावर चंदेरी रंग बसला होता.

"मले बापाचं अक्षर पाह्यचं हाये, भाऊ. बाकी काही नको."

"आठ दिवसांनी या," मी म्हणालो. एरवी मी महिन्याखाली बोलत नाही.

थिनर ओतलं की सगळंच धुऊन जातं, म्हणून मी कापसाचा बोळा आणि बांबूची चपटी काडी घेऊन बसलो. एकेक थर मऊ करायचा आणि नखाएवढा नखाएवढा उचलायचा. काकाच्या खानदानाला रोज शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी चंदेरी रंगाखालून लाल रेघ दिसली, आणि दुपारपर्यंत अख्खं नाव वर आलं. उखर्डू. मी एकटाच बसलो होतो, तरी टाळी वाजवली.

मग भिंग लावलं आणि माझा चेहरा उतरला.

लाल रंग लष्कराचा नव्हता. बैलांच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ होता, आणि लष्कराच्या हिरव्या रंगावर नंतर चढवलेला होता. हिंगुळाच्या खाली इंग्रजीत फिकट पांढरी अक्षरं होती, नंबर होता. नाव दुसऱ्याच कुणाचं. आणि लाल अक्षरांच्या प्रत्येक वळणावर एक जाड ठिपका होता. आधी ठिपके मांडलेले, मग ते जोडलेले. ताईबाईंच्या आईला लिहिता येत नसणार; तिनं घरातल्या एखाद्या कागदावर पाहून नवऱ्याचं नाव रांगोळीसारखं काढलं होतं. टोप तिला कुठल्या तरी भंगारात मिळाला असेल.

माझ्या नियमाप्रमाणे हा लाल रंगसुद्धा नंतरचाच. नियम गेला खड्ड्यात, म्हटलं, आणि काडी बाजूला ठेवली. आठवडाभर डोळे लावून बसलेल्या म्हातारीला हे सांगायची माझी छाती नव्हती. खोटं बोलायचं ठरवलं.

आठव्या दिवशी ताईबाई आल्या. "घ्या, तुमच्या वडिलांचं अक्षर," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच मोठा लागला.

त्यांनी टोप मांडीवर घेतला. नावावरून बोट फिरू लागलं, एका ठिपक्यावर थांबलं, पुढच्या ठिपक्यावर पुन्हा थांबलं.

"शिपाई ठिपके मांडते का, भाऊ?"

मी थिनरच्या बाटलीचं झाकण घट्ट करायला लागलो.

"हे हिंगूळ हाये. पोळ्याले माय बैलाच्या शिंगांले लावे." त्यांनी वर पाहिलं. "याच्या खाली काय हाये? खरं सांगा."

सांगितलं. दुसरा काही इलाजच नव्हता.

"म्हणजे हा पणजोबांचा नाहीच?" ऋतिका म्हणाली. तिचा हात आजीच्या खांद्यावर गेला.

ताईबाईंनी टोप पोटाशी धरला. मला स्वतःचीच चीड आली. कशाला एवढं खरवडत बसलो, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"मी लय रडे लहानपनी," त्या म्हणाल्या. "साऱ्या पोरीयले बाप होते. मंग मायनं आनून देला मले बाप." आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्या हसल्या. "तिचं काहीच नव्हतं मह्यापाशी, भाऊ. एक लुगडं नाही, का भांडं नाही. आज तिचं अक्षर भेटलं."

खालचं नाव उघडं करायचं का, हे विचारायला हवं होतं, म्हणून विचारलं.

"राहू द्या. त्याच्याही घरी कोनी वाट पाह्यतच असन. असू द्या दोघायले एका जागी."

मी पारदर्शक लॅकरचा डबा काढला आणि नावावर एक पातळ हात दिला. जुना पापुद्रा न खरवडता दिलेला माझा तो पहिलाच हात.

"वाळेपर्यंत बोट लावू नका," मी बजावलं.

ताईबाईंनी मान डोलावली. मग बोट नावाच्या जरासं वर, हवेतच धरलं, आणि पहिल्या ठिपक्यापासून गिरवायला लागल्या.